खोडायची बैठक

दाजी येणार हे भाऊला कोणी सांगायचं, यावरून सकाळपासून घरात टोलवाटोलवी चालली होती. वहिनी म्हणाली, छकुलीने सांगावं, बोलावणं तिचं आहे. छकुली म्हणाली, आत्याने सांगावं, पुस्तक तिचं आहे. थोरली म्हणाली, "बरं, मी सांगते," आणि खोलीत जाऊन अकरा वाजेपर्यंत पेनात शाई भरत बसली. पेन एक होतं आणि ते आधीच भरलेलं होतं.

तेरा पुस्तकं लिहिलेली बाई ती. माणसाच्या मनातली भीती हिच्याइतकी कोणाला कळली नाही, असं लोक तिच्या सत्कारात बोलत, आणि थोरली मान कलती करून ते ऐकून घेई. तीच आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आपल्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या भावाला घाबरून खोलीत बसली होती. भाऊ बाहेर पेपराची घडी घालत होता. घडी घालताना तो कागद मांडीवर ठेवून तळहाताने दाबत असे. तो आवाजसुद्धा तिला आज नको वाटत होता.

शेवटी सांगितलं वहिनीनेच, दारावरची बेल वाजल्यावर. भाऊची बायको ती, तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. कोणता फोन कधी जोडून द्यायचा आणि आपण कधी बाजूला व्हायचं, हे तिला नेमकं कळे.

"दाजी आलेत," ती म्हणाली. "दार तुम्हीच उघडा."

भाऊ उठला, थांबला, परत बसला, परत उठला. मग त्याने दार उघडलं.

"या," तो म्हणाला.

"आलो," दाजी म्हणाले.

एकतीस वर्षांनंतरचं बोलणं ते, तेवढंच झालं.

दाजी म्हणजे मधल्या बहिणीचे यजमान. मधली जाऊन चार वर्षं झाली होती. दाजींनी ऐंशी ओलांडली होती, पण पाठ ताठ होती. छापखान्यात उभं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलं, तरी मान कधी वाकली नव्हती. बगलेत कापडी पिशवी होती, तिच्यात एक भिंग आणि दोन तासलेल्या पेन्सिली. त्यांनी चपला काढल्या आणि कडेच्या चपलांशी रेषेत लावून ठेवल्या. त्या लावताना वाकलेल्या दाजींकडे बघून थोरलीने स्वयंपाकघराच्या दारातून मान मागे घेतली.

छकुलीने मात्र त्यांना हाताला धरूनच आत आणलं. छकुली म्हणजे भाऊची मुलगी. वय शेहेचाळीस, एका प्रकाशनात संपादक, हाताखाली सहा माणसं. पण पाळण्यात चिकटलेलं नाव काही सुटलं नव्हतं.

"आतोबा, तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही," ती म्हणाली. "आमच्याकडची मुलं प्रुफं संगणकावर तपासतात. संगणकाला काय, सगळंच बरोबर वाटतं."

"माणसांनाही वाटतं," दाजी म्हणाले आणि जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले.

आता या टेबलाविषयी सांगायला हवं. थोरलीची पहिली कादंबरी छापून आली, तेव्हा तिच्यात एक बाई होती, जी दार लावलं का हे बघायला तीन-तीनदा अंथरुणातून उठे. अख्ख्या गल्लीने ती ओळखली. आई आठवडाभर थोरलीशी बोलली नाही, आणि आठव्या दिवशी म्हणाली, "आम्ही तुझी माणसं आहोत, तुझा कच्चा माल नाही." तेव्हापासून या घरात नियम झाला. पुस्तक छापायला जाण्याआधी प्रुफांचा गठ्ठा सकाळपासून संध्याकाळपर्यंत टेबलावर ठेवायचा, बाजूला एक पेन्सिल. घरच्या प्रत्येकाने वेळ मिळेल तसं बसून वाचायचं आणि कोणतंही एक वाक्य खोडायचं. एकच. कोणी खोडलं हे विचारायचं नाही, का खोडलं हेही विचारायचं नाही, आणि आपण होऊन सांगायचंही नाही. खोडलेलं वाक्य गेलं म्हणजे गेलं. लेखिकेला मात्र खोडायचा हक्क नाही. तिला लिहायचा होता ना!

याला घरात खोडायची बैठक म्हणत. पुढे थोरलीचं नाव झालं, तसं बैठकीचंही झालं. मुलाखती घेणारे हटकून विचारत, आणि थोरली हसून सांगे, "घरच्यांनी खोडलेलं वाक्य मी कधी परत घातलेलं नाही."

ते खोटं होतं. एकदा घातलं होतं, आणि तेच वाक्य तिचं सगळ्यात गाजलेलं वाक्य ठरलं होतं.

काही नवऱ्यांचं बायकोवर इतकं प्रेम असतं, की तिचं ऑपरेशन चालू असताना ते बस स्टँडवर जाऊन परगावच्या गाड्यांच्या वेळा वाचत बसतात.

सभागृहात हे वाक्य आलं की हशा पिकायचा. बायका नवऱ्यांना कोपराने ढोसायच्या. पहिल्या रांगेत भाऊ बसलेला असायचा, आणि तो सगळ्यांच्या एक क्षण आधी हसायचा. तो क्षणभर आधीचा हसण्याचा आवाज थोरलीला दरवेळी ऐकू यायचा, आणि दरवेळी ती पुढचं वाक्य वाचायला घ्यायची.

कारण तो नवरा भाऊच होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुकानाच्या मागे डोळे तपासायची एक अंधारी खोली होती, तिथे समोरच्या भिंतीवर अक्षरांची पाटी तेवढी उजळलेली असे. वहिनीचं मोठं ऑपरेशन होऊन महिना झाला असेल, तेव्हा त्या खोलीत बसून भाऊने थोरलीला सगळं सांगितलं. कागदावर सही केली आणि तिथून निघालो, पायच थांबेनात, स्टँडवर जाऊन बसलो, साडेपाच तास. हिला सांगितलं, बाहेर बाकावर होतो. सांगताना तो लहान मुलासारखा रडला. थोरलीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आणि जी गोष्ट तिने आजवर कोणाला सांगितली नव्हती ती ही, की हात पाठीवर फिरत होता आणि डोकं मात्र वाक्यात 'इतकं' कुठे घालावं ते बघत होतं.

सहाव्या कादंबरीच्या बैठकीत ते वाक्य खोडलेलं निघालं. थोरलीला वाटलं, भाऊनेच खोडलं. दुसरं कोण खोडणार? तिला राग आला. आधी पळाला, आणि आता पळाल्याची खूणसुद्धा पुसतोय, असं ती स्वतःला म्हणाली. असं काहीतरी उदात्त म्हटल्याशिवाय माणसाला नीच काम करता येत नाही. छापखान्यात द्यायला जाताना वाटेत एका पायरीवर बसून तिने खोडलेल्या ओळीखाली ठिपके दिले, खोडलेलं राहू द्या अशी छापखान्यातली खूण ती, आणि समासात लिहिलं, 'हवे.'

तिथे प्रुफं बघायला दाजी होते. त्यांनी ठिपके बघितले, समासातलं अक्षर बघितलं आणि ओळ ठेवली. पुस्तक घरी आलं. भाऊने उभ्याउभ्या ते पान काढलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "हे कसं राहिलं?" त्याने विचारलं. थोरली म्हणाली, "दाजींच्या नजरेतून सुटलं वाटतं."

माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याचा आवाज नेहमीपेक्षा सभ्य होतो, असं तिनेच पुढे कुठेतरी लिहिलं. ते तिला त्या दिवशीच कळलं होतं.

भाऊ तडक छापखान्यात गेला आणि सगळ्या कामगारांसमोर दाजींना नाही नाही ते बोलला. एवढी आडवी रेघ दिसत नसेल तर दुकानात या, फुकट चष्मा देतो, असंही म्हणाला. दाजी गप्प राहिले. मालकाने त्यांना पुस्तकांवरून काढून पावत्या आणि जाहिराती तपासायला बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत. त्यानंतर मधली या घरी एकटी येऊ लागली.

आणि आज तेच दाजी त्याच टेबलाशी बसून भिंग पुसत होते. पुस्तक चौदावं होतं. कादंबरी नव्हे, थोरलीच्या सगळ्या पुस्तकांतून छकुलीने निवडलेली वाक्यं. प्रेम, भीती, माणूस, असे तीन भाग. संध्याकाळी छकुलीला परत जायचं होतं, म्हणून यंदा गठ्ठा फिरवण्याऐवजी तीच मोठ्याने वाचणार होती.

वहिनीने चहा आणून ठेवला. छकुलीने चष्मा चढवला.

"'शूर माणसालाही भीती वाटते, फक्त त्याला शूर व्हायला बघणारी माणसं लागतात.'"

"आपला मामा," भाऊ म्हणाला. "विहिरीत सूर मारायचा. पण काठावर कोणी नसलं की पायऱ्यांनी उतरायचा."

"आणि नाक धरून," दाजी म्हणाले.

भाऊ हसला. मग कोणाशी हसलो हे लक्षात येऊन त्याने कप उचलला.

"'भीती न बोलावता येते, भरपूर जेवते, आणि निघताना म्हणते, उद्या येतेच.'"

"ही भीती नाही हो वन्सं," वहिनी थोरलीला म्हणाली. "ही तुमची चुलत बहीण."

"तिच्यावरूनच लिहिलंय," थोरली म्हणाली. आता छकुलीसुद्धा हसली. टेबलावरचं वातावरण जरा सैल झालं. दाजींनी एका ओळीखाली बारीक खूण केली आणि पेन्सिल कानामागे अडकवली, जशी ते पूर्वी अडकवायचे. थोरलीच्या मनात आलं, निभावलं की काय? माणसाला शिक्षा झाली नाही की तो त्यालाच क्षमा समजायला लागतो. हे वाक्य चांगलं होतं. लिहून ठेवायला हवं, असं वाटलं, आणि असं वाटल्याचीच तिला लाज वाटली.

"पान एकसष्ट," छकुली म्हणाली. "हे काय, सगळ्यांना पाठच आहे. आमचे लोक तर मागच्या कव्हरवर घ्यायचं म्हणतायत." आणि तिने ते नवऱ्याचं आणि बस स्टँडचं वाक्य सभागृहात वाचावं तसं खणखणीत वाचलं.

कोणी हसलं नाही.

छकुलीने चष्म्यावरून बघितलं. ते वाक्य चुकून छापलं गेलं आणि त्यावरून भांडण झालं, एवढं तिला माहीत होतं. पंधरा वर्षांची होती ती तेव्हा. "नको वाचायला होतं का?"

"वाचलंस ते बरं झालं," भाऊ म्हणाला. त्याने दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले. "आज दाजी आहेत, तर बोलून टाकतो. परत धीर होईल न होईल. त्या वाक्यातला नवरा मी आहे."

"बाबा?"

"थांब गं." तो वहिनीकडे वळला, पण तिच्याकडे न बघता तिच्या हातांकडे बघत राहिला. "तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी बाहेर नव्हतो बसलो. सही केली आणि पळालो. स्टँडवर होतो. तुला बाकावर होतो म्हणून सांगितलं ते खोटं."

"बोला," वहिनी म्हणाली. तिचा आवाज एक्स्चेंजमधला होता. त्यातून काहीच कळत नसे.

"ताईला तेवढं सांगितलं होतं. तिच्या हातून ते लिहिलं गेलं. लिहिणाऱ्यांचं असतंच तसं, त्याचं मला काही नाही. पण बैठकीच्या दिवशी संध्याकाळी मी गठ्ठा उघडला, तर ते वाक्य आधीच खोडलेलं. एक सरळ आडवी रेघ. मी ओळखलं, ही ताई. तिला खोडायचा हक्क नव्हता, तरी नियम मोडून माझ्यासाठी तिने खोडलं. मग मी माझी पेन्सिल टकलावरच्या एका विनोदावर खर्च केली." तो जरासा हसला. "दाजी, तुमच्यावर राग होता तो एवढ्यासाठी. माझ्या बहिणीने मला वाचवलं, आणि तुमच्या एका डुलकीने मी सगळ्या जगासमोर उघडा पडलो. पण एकतीस वर्षं म्हणजे फार झाली. मधली गेली तेव्हासुद्धा मी तुमच्या शेजारी येऊन उभा राहिलो नाही. ते माझं चुकलं. आता तुम्ही एकदा म्हणा, नजरचूक झाली. मी ऐकतो, आणि संपवू या."

थोरलीला वाटलं, खुर्ची कोणीतरी मागून ओढतंय. म्हणजे भाऊने खोडलंच नव्हतं! आणि एकतीस वर्षं हा आपल्याला दयाळू समजत आला. आपण सणकीत कधी काही बोललो, तरी रोज सकाळी पहिला कप आपल्या खोलीत आणून देत आला, तो या न केलेल्या दयेसाठी.

दाजी कपातल्या चहाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली. थोरलीकडे एकदाही न बघता ते म्हणाले, "नजरचूक झाली. त्या आठवड्यात काम फार होतं. डोळा लागला असेल."

ते किती सभ्य आवाजात म्हणाले!

भाऊने हात पुढे केला. दाजींनी तो हातात घेतला. छकुलीचे डोळे भरून आले. सगळं मिटत होतं, थोरलीच्या डोळ्यांदेखत, आणि तिने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तिला चांगलं जमे. एकतीस वर्षांची सवय होती. दाजी तिला दुसऱ्यांदा पाठीशी घालत होते आणि या खेपेला तर न केलेली चूक कबूल करून. अपराध्याला सगळ्यात जड जातं ते निरपराध माणसाचं... असं काहीतरी डोक्यात जुळायला लागलं. शब्द पटापट येऊन रांगेत उभे राहू लागले. आणि तिला स्वतःची किळस आली. भाऊच्या पाठीवर हात ठेवून जे केलं, तेच आपण आत्ताही करतोय. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"दाजींची चूक नव्हती," ती म्हणाली. आवाज घोगरा आला, सभ्य मुळीच नव्हता. "मी परत घातलं."

"काय घातलंस?" भाऊने विचारलं. दाजींचा हात अजून त्याच्या हातात होता.

"ते वाक्य. खोडलेलं होतं. मी खाली ठिपके दिले. मला वाटलं, तू खोडलंस."

"तू नव्हतं खोडलंस?"

"नाही."

"मग परत का..."

"चांगलं होतं रे."

"काय चांगलं होतं?"

"वाक्य."

भाऊने दाजींचा हात सोडला. "पुस्तक आलं, तेव्हा तू म्हणालीस, दाजींच्या नजरेतून सुटलं."

"म्हणाले."

"मी चपला घालत होतो. तू समोर उभी होतीस. मी कुठे चाललोय ते तुला माहीत होतं."

"होतं."

"एक शब्द बोलली असतीस तर मी थांबलो असतो, ताई."

"हो."

दुसऱ्या कोणी असं विचारलं असतं, तर तिने काहीतरी चमकदार बोलून वेळ मारून नेली असती. आता एकेक 'हो' आणि 'नाही' दगडासारखा उचलून ठेवावा लागत होता.

"मग खोडलं कोणी?" छकुलीने विचारलं. विचारून झाल्यावर तिला नियम आठवला आणि तिने जीभ चावली.

"मी," वहिनी म्हणाली.

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. "तुला माहीत होतं?"

"शुद्धीवर आले तर नर्स विचारत होती, तुमचे मिस्टर आले का हो परत? सगळं हॉस्पिटल शोधलं म्हणे तुम्हाला."

"आणि मला काही बोलली नाहीस?"

"तुम्ही बाकाचं वर्णन किती छान केलंत! बाकाचा एक पाय लंगडा होता, म्हणून सारखा डुगडुगत होता, म्हणालात. म्हटलं, माणसाने एवढी मेहनत घेतलीये, कशाला मोडा." मग तिचा आवाज एक्स्चेंजमधला राहिला नाही. "आणि आलात ना परत? गाड्या तर सगळ्या गावांच्या होत्या. बसला नाहीत ना एकाही गाडीत? संध्याकाळी माझ्या उशाशी होतात."

भाऊने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. पुसतच राहिला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो, चष्मा कपड्याला पुसू नका, म्हणून दटावत असे.

"वन्सं," वहिनी थोरलीकडे वळली. "ते खोटं होतं म्हणून नाही खोडलं मी. अर्धं होतं म्हणून खोडलं. तुमच्या वाक्यातला नवरा स्टँडवरच बसून राहतो. माझा परत आला होता. पण परत आल्यावर लोक हसले नसते."

चाळीस वर्षं समीक्षकांनी थोरलीवर लिहिलं होतं. टेबल पुसायचं फडकं खांद्यावर टाकून बसलेल्या या बाईने सांगितलं ते त्यांतल्या कोणाला दिसलं नव्हतं. आणि वहिनी इतकी वर्षं तिच्याशी कामापुरतं बोलत आली, ते तिच्या कमी बोलण्याच्या स्वभावामुळे, असं माणसांचा स्वभाव ओळखणाऱ्या या लेखिकेने धरून ठेवलं होतं.

"पण आतोबा, तुम्ही का गप्प बसलात?" छकुलीने विचारलं. "तुम्हाला तर ठाऊक होतं. समासातलं अक्षर ओळखलं असणार तुम्ही."

"अक्षर कसलं, ताईंचा ठिपकासुद्धा ओळखतो मी," दाजी म्हणाले. त्यांनी भिंग उलटंसुलटं केलं. "छापखान्यात तमाशा झाला, त्या दिवशी घरी जाऊन हिला सांगितलं. म्हटलं, जातो आणि तुझ्या भावाला सगळं सांगतो. तर ही म्हणाली, नका सांगू. भाऊ फक्त ताईपाशी रडतो. आईपाशी नाही, बायकोपाशी नाही, माझ्यापाशी नाही. ते एक ठिकाण गेलं तर तो कुठे जाईल? मी म्हटलं, आणि मी? तर म्हणाली, तुम्ही माझ्यापाशी रडा."

"मग?"

"मग काय. रडलो एक-दोनदा." ते कसनुसं हसले. "पुस्तकांची सवय होती ना. पावत्यांमध्ये वाचण्यासारखं काही नसतं."

मधलीला माहीत होतं.

मधली दर दुसऱ्या रविवारी यायची, खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसायची, सोलून सोलून सगळ्यांना फळं द्यायची. सालाची लांबच लांब पट्टी न तोडता काढायची आणि थोरलीला दाखवायची. "नवीन काय लिहितेस?" म्हणून विचारायची. नंतरच्या प्रत्येक बैठकीला ती आली, पण पेन्सिलीला तिने हात म्हणून लावला नाही. थोरलीला वाटायचं, हिला वाचनातलं काही कळत नाही बिचारीला. एकदा तसं तिने बोलूनही दाखवलं होतं. मधली त्यावर म्हणाली होती, "नसेल कळत," आणि फळाची फोड तिच्यापुढे केली होती. ती फोड आपण खाल्ली होती. तिच्या शेवटच्या आजारात आपण उशाशी बसलो होतो, तेव्हाही ती काही बोलली नाही. आणि आता सांगायचं तर कोणाला सांगायचं?

"आत्या," छकुली हळूच म्हणाली, "काढू का हे वाक्य? काढून टाकते मी. कव्हरचं मी बघते काय ते."

थोरलीने भाऊकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि दुकानात एखाद्याला काचा बदलून बदलून, आता कसं दिसतंय, म्हणून विचारावं तसं शांतपणे विचारलं,

"ताई, ते लिहिताना तू हसली होतीस का गं?"

रडत लिहिलं रे, असं म्हणता आलं असतं. त्याने विश्वास ठेवला असता. त्याला ठेवायचाच होता. तो थोडा पुढे झुकला होता, तेवढ्यासाठीच. इतक्या वर्षांत तिने माणसांच्या तोंडी शेकडो खोटी वाक्यं घातली होती, आणि त्यांतलं हे सगळ्यात सोपं होतं.

"हो," ती म्हणाली. "हसले."

"मोठ्याने?"

"मोठ्याने. खोलीत एकटीच होते. मग परत वाचलं, आणि परत हसले."

भाऊने मान हलवली. टेबलावरचं ते पान त्याने तळहाताने सपाट केलं.

"नको काढू," तो छकुलीला म्हणाला. "एवढी वर्षं लोक हसलेत, मीही हसलोय. आता काढून काय होणार? फक्त त्याच्या खाली लिही, की तो परत आला. तुझ्या आत्याच्या नावावर नको. तुझ्या आईच्या नावावर लिही."

"बरं, बाबा."

"दाजी, तुमचा चहा गार झाला." तो उठला आणि दाजींच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग वहिनीला म्हणाला, "दुसरा टाक. चार कप कर."

टेबलाशी माणसं पाच होती. छकुलीने तोंड उघडलं. थोरलीने मानेनेच तिला नको म्हटलं.

वहिनी आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला. बाहेर भाऊ आणि दाजी हळूहळू बोलू लागले, आधी दाजींच्या गुडघ्याविषयी, मग छापखान्याच्या जागी आता काय उभं राहिलंय त्याविषयी. थोरली तिथेच बसून होती. उठून खोलीत जाणं सोपं होतं, म्हणून ती उठली नाही.

चार कप आले. भाऊने एक घेतला, छकुलीने एक, वहिनीने आपला खिडकीपाशी नेला. दाजींनी आपला कप ओढून घेतला, त्यातला निम्मा बशीत ओतला आणि बशी टेबलावरून सरकवत थोरलीसमोर आणून ठेवली. पुन्हा भाऊकडे वळून गुडघ्याविषयी सांगू लागले.

भाऊ बशीकडे बघत होता. थोरलीने ती दोन्ही हातांनी उचलली. थोडा चहा प्रुफांवर सांडला. आणि सगळे बघत असताना तिने तो पिऊन टाकला.